गोमुखापासून माघारी

देवाजवळ काही मागायचं झालं तर मी ते वेळापत्रकासकट मागते. नारायण पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे कुठली गोष्ट कुठल्या आठवड्यात संपली पाहिजे हे ठरवल्याशिवाय मला चैनच पडत नाही. त्या हिवाळ्यात मी महादेवाला सांगून ठेवलं होतं, की चैत्र लागायच्या आत ह्यांना चालतं कर. नुसतं चालतं नाही, विमानतळाच्या लांबच लांब बोळांतून, विमानाच्या अरुंद वाटेतून, मधल्या विमानतळावर घाईघाईने दुसरं विमान पकडण्याइतकं चालतं कर. कारण चैत्रात माझ्या मुलीचं, मुग्धाचं, पहिलं बाळंतपण होतं आणि ती अमेरिकेत नेब्रास्कात होती. आई म्हणून मला तिथे पोचायचं होतं. ह्यांना मागे ठेवून जाणं शक्य नव्हतं, आमचं दुसरं कुणी नाही. म्हणजे हे चालले तर मी मुलीजवळ, नाहीतर नाही. देव ऐकतो का, याबद्दल खरं सांगायचं तर माझी खात्री नव्हती. पण सोमवार सोडायची हिंमतही नव्हती.

हे म्हणजे माझे यजमान. बँकेत कारकून होते. माणूस मुळात अल्पाक्षरी, आणि जी काही अक्षरं तोंडातून निघायची ती समोरच्याला टोचून जायची. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत हे उठून उभे राहिले की चेअरमनच आधी बसून घ्यायचे. नवरात्रात एके सकाळी चहाचा कप हातातून सुटला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. जीव वाचला. हळूहळू उजव्या पायात थोडं बळ आलं, माझा हात धरून पावलं पडू लागली, आणि तीन-चार शब्द परत आले. ‘हूं’, ‘पुढे’, ‘नको’, आणि सगळ्यांत आधी ‘कशाला’. ह्यांचा सगळा स्वभाव त्या एका ‘कशाला’त मावला होता. शेजारच्या बाई फळं घेऊन भेटायला आल्या, देवाचा अंगारा लावला, सगळं नीट होईल म्हणाल्या, आणि हे शांतपणे म्हणाले, “कशाला.” त्या रडल्या आणि मी कित्येक दिवसांनी हसले.

मुग्धाच्या घरी आम्ही एकदाच गेलो होतो, तिचं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी. प्रेअरी हा शब्द मी वर्गात किती वेळा उच्चारला असेन देव जाणे. समशीतोष्ण गवताळ प्रदेश, जगाचं गव्हाचं कोठार, फळ्यावर पिवळ्या खडूने रंगवायचा भाग. प्रत्यक्षात उभी राहिले तेव्हा मात्र मला एक वाक्यही सुचेना. नुसतं गवत आणि वर आभाळ. वारा आला की सगळी जमीन सरकल्यासारखी वाटायची आणि पायाखालचं काही पक्कं आहे यावरचा विश्वास उडायचा. तिथून प्लॅट नावाची एक रुंद, उथळ, आळशी नदी वाहते. त्या नदीच्या कडेकडेने, दीडेकशे वर्षांपूर्वी, हजारो कुटुंबं बैलगाड्यांत संसार भरून पश्चिमेला ओरेगॉनकडे गेली. जावयाने आम्हांला बरंच लांब, शेजारच्या राज्यात नेऊन एक जागा दाखवली. तिथे मऊ खडकात त्या गाड्यांच्या चाकोऱ्या अजून आहेत, कंबरभर खोल. इतकी चाकं एकाच वाटेवरून गेली की दगड झिजला. हे त्या चाकोरीत उतरले, खाली वाकले, आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मी म्हटलं, “अहो, काटे असतील.” हे म्हणाले, “इतकी माणसं जीव मुठीत धरून गेली इथून. चपला घालून काय उभं राहायचं?” मग लगेच स्वतःच्या हळवेपणाची लाज वाटली असावी. “आपल्याकडचे रस्तेही असेच झिजलेत,” म्हणाले, “फक्त आपण फलक लावत नाही.”

पुण्याला परत आल्यावर हे त्या वाटेच्या नादीच लागले. ग्रंथालयातून पुस्तकं आणायची, नकाशे काढायचे, आणि जेवताना मला सांगायचं की त्या प्रवासात बायका गवतातून फिरून रानगव्यांचं वाळलेलं शेण ओच्यात गोळा करायच्या, कारण मैलोन्‌मैल झाड नाही, मग चूल कशावर पेटणार. “म्हणजे गोवऱ्याच की,” मी म्हणायचे. “गोवऱ्याच. फक्त थापायचे कष्ट वाचले,” हे म्हणायचे. गाडीत बसून फारसं कुणी जात नसे, हेही मला ह्यांच्याकडूनच कळलं. गाडीत सामान, पीठ, आजारी माणसं. बाकी सगळे गाडीच्या बाजूने पायी. आणि ज्या जमिनीवरून ते चालले ती काही मोकळी पडलेली नव्हती, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत होती आणि या वाटेपायी त्यांचं सगळं गेलं, हे मात्र मी ह्यांना सांगायचे. एवढं बोलून झालं की दोघंही ताकाचा पेला संपवायचो.

आजारपणानंतर ती वाट आमच्या कामी आली. फिजिओथेरपी करायला येणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, रोज संध्याकाळी चालवा, कंटाळतील पण सोडू नका. हे खरंच कंटाळायचे. मग एका संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ह्यांचा उजवा हात धरून मी सहज म्हटलं, “चला, आज मिसुरी नदी ओलांडायची. बैल पाण्यात उतरायला तयार नाहीत.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत आधी ‘कशाला’ आलं आणि मग ते विरलं. “पुढे,” हे म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी त्या वाटेने जाऊ लागलो. स्कूटर आणि झाकून ठेवलेल्या गाड्या यांच्या मधून प्लॅट नदी वाहायला लागली. ह्यांनीच मला वर्षभर सांगितलेलं मी ह्यांना परत सांगत होते. तिन्हीसांजेचा उजेड, वरच्या मजल्यावरून येणारा फोडणीचा वास, कुठेतरी लागलेली आरती, आणि त्यात उंच गवतातून जाणारी पांढऱ्या छताच्या गाड्यांची रांग. कधी कधी मलाच कळायचं नाही मी कुठे चालतेय. हात तेवढा ओळखीचा असायचा.

त्या वाटेवर एक मोठा खडक आहे, लांबून पाहिला तर पसरून बसलेल्या कासवासारखा दिसतो. प्रवासी त्यावर आपली नावं कोरत. जुलै लागता लागता त्या खडकापाशी पोचायचं असा सगळ्यांचा दंडक असे, कारण उशीर झाला तर पुढे डोंगरात बर्फ गाठणार. ही गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली. मला तर तारखांचं वेडच. तिकिटं काढून झाली होती. डिंकाचे लाडू कधी वळायचे, अळीव आणि बाळंतशोपा कुठून आणायच्या, सगळं ठरलं होतं. मी ह्यांना रोज थोडं जास्त चालवू लागले. थांबले की म्हणायचे, “अहो, बर्फ पडायच्या आत पोचायचंय.”

सगळेच काही पोचले नाहीत. कित्येक कुटुंबं अर्ध्यावरून गाड्या वळवून परत फिरली. कुणाचे बैल मेले, कुणाचं माणूस वाटेतच पुरावं लागलं, कुणाचं नुसतंच मन खचलं. समोरून येणाऱ्या त्या परतीच्या गाड्या पाहून पुढे जाणारे खाली बघत असत. हा भाग मी ह्यांना सांगितला त्या संध्याकाळी हे चालता चालता थांबले. ओठ जुळवायला वेळ लागला. “परतले... त्यांचं... काय?” आजारानंतरचं ह्यांचं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. मला आनंदाने रडू यायला हवं होतं. पण मी आपली शिक्षिका. “त्यांचं काय झालं ते फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते परत गेले, संपलं. चला,” म्हटलं आणि हात ओढला.

माघात आमच्या पार्किंगमध्ये सांडपाण्याच्या पाइपासाठी खणून ठेवलं. चालायला जागाच राहिली नाही. तेव्हा आमच्या मागच्या रस्त्याला एक लहानसं महादेवाचं देऊळ आहे, बिबवेवाडी शेतीवाडीचं गाव होतं तेव्हापासूनचं, तिथे मी ह्यांना न्यायचं ठरवलं. देवळाभोवती फरशी आहे, गर्दी नसते, सोमवारही होता. आयुष्यभर कडक इस्त्रीची पँट घालणारे हे व्यायामासाठी हाफ पँट घालत. लेंगा चढवून मगच देवळात जावं असं मला वाटत होतं, पण त्या खटाटोपात अंधार झाला असता. “असू दे, महादेव काय अंगावर घालतो हे सगळ्यांना माहीत आहे,” असं मीच म्हटलं. दोन दिवस हे मधूनच “पाय... नको” म्हणत होते. तेही मी मनावर घेतलं नव्हतं. इतकी वर्षं वर्गात घालवल्यावर चालायला नको म्हणणाऱ्याचं मला खरं वाटत नाही.

देवळात आत शिरताना आधी कासवाला हात लावला, नंदीला लावला, पिंडीवर बेल वाहिला, आणि आम्ही बाहेरून प्रदक्षिणेला लागलो. मी ह्यांचा उजवा हात धरून, भिंतीच्या बाजूने. उन्हं कलली होती, समोरच्या पिंपळाची पानं हलत होती आणि त्यांचा आवाज अगदी गवतातून वारा जावा तसा येत होता. आम्ही त्या दिवशी मोठ्या खिंडीपाशी पोचलो होतो. ती खिंड अशी आहे की ती खिंड आहे हे कळतच नाही. दोन्हीकडे डोंगर दूर, मधे सपाट माळ, चढ इतका मंद की माणसं बोलता बोलता देशाचा कणा ओलांडून जायची. पलीकडच्या झऱ्याचं पाणी दुसऱ्या दिशेला वाहताना दिसलं की मग उमजायचं, अरेच्चा, आपण या बाजूला आलो. मी रंगून सांगत होते. “अजून थोडं, अहो. आता पाणी दिसेल. ते ओलांडलं की झालं. मग सगळा उतार आहे.” हे धापा टाकत होते. मला वाटलं, गोष्टीत रमलेत.

“आवो ताई! पानी वलांडू नगा.”

मी दचकले. समोर फरशीवर, देवळाच्या भिंतीतून, पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी बाहेर येतं ते गोमुख होतं, आणि त्याखालच्या पन्हळीवरून मी ह्यांचं पाऊल पलीकडे टाकायला लावत होते. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. गोमुखापर्यंत जायचं, ते पाणी ओलांडायचं नाही, तिथूनच माघारी फिरून पुन्हा दुसऱ्या बाजूने गोमुखापर्यंत यायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. कितीतरी जणींना मीच टोकलंय. आणि आज मी गोष्टीच्या नादात, त्या पलीकडे वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीने, सरळ ओलांडायला निघाले होते. ज्या बाईंनी हाक मारली त्या पन्हळीपलीकडे तांब्या घेऊन उभ्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. वेळ चालला होता, आणि आता मागे फिरायचं.

त्या बाई पाणी न ओलांडता पूर्ण देवळाला वळसा घालून आमच्याकडे आल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं. “लई दमलाव तुमी,” म्हणाल्या. “तुमी बसा जरा. मी नेते यांस्नी.” आणि माझ्या हातातून ह्यांचा हात काढून घेतला, इतका सहज की मी नाही म्हणायच्या आत तो सुटला होता. त्या आजारापासून ह्यांचा हात चालताना मी एकदाही दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. फिजिओथेरपीवाल्या मुलीच्या वेळीसुद्धा मी दुसऱ्या बाजूने धरून असायचे. मी तिथेच पायरीवर टेकले. त्या दोघांनी पाठ फिरवली आणि सावकाश माघारी चालू लागले.

आणि मी ह्यांना मागून पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हात धरणारा शेजारून चालतो, समोरची फरशी बघतो, खड्डा बघतो, पुढचं वळण बघतो. ज्याचा हात धरलाय तो त्याला दिसतच नाही. रोज अंघोळ मीच घालत होते, तेव्हा पाय दिसत होते, पण एकेक दिसत होता आणि घाईत दिसत होता. आता कलत्या उन्हात दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी होत्या. डावी नेहमीची, काटकुळी. उजवी सुजून टम्म झालेली, तकतकीत, लालसर. मला कळेना मी काय पाहतेय. मग कळलं. “पाय... नको” हे दोन दिवस काय होतं ते कळलं. मी धावत गेले आणि हात लावला तर पोटरी तापलेली होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रिक्षा, जवळचं हॉस्पिटल, पायाची तपासणी. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि ती मांडीकडे सरकू लागली होती. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. “आजी, बरं केलंत आज आणलंत. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर वेळ मिळत नाही.” मी त्यांना विमानाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “इतके तास पाय लोंबकळत ठेवून बसले असते तर...” म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, प्रेअरीतल्या गवताशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे इंजेक्शनं चालू असताना झोपले होते. मी बाहेर बाकावर बसले होते आणि माझाही डोळा लागला असावा. मी गवतात होते. छातीएवढं गवत, सोनेरी, एका दिशेने वाकलेलं. गाड्यांची रांग पुढे चालली होती, बैल आपल्या खिल्लारांसारखे पांढरे आणि लांब शिंगांचे, आणि मी एका गाडीचा दांडा धरून चालत होते. खूप चालत होते. दांडा सोडला तर गाडी पडेल असं मला वाटत होतं. समोरून परतीच्या गाड्या येत होत्या. मी नियमाप्रमाणे मान खाली घातली. पण त्यातली एक गाडी थांबली आणि कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. मी वर पाहिलं. त्या माणसांच्या चेहऱ्यांवर लाज नव्हती, दुःखही नव्हतं. संध्याकाळी गुरं घराकडे वळतात तेव्हा जशी निवांत दिसतात, तसे ते सगळे दिसत होते. पाणी प्यायला मी दांडा सोडला. गाडी पडली नाही. ती माझ्याशिवाय तशीच चालत राहिली, थोडी हलत, गवत बाजूला सारत. मी जागी झाले तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीतून पुण्याचं कोरडं ऊन माझ्या पायांवर आलं होतं आणि मला फार वर्षांनी झोप झाल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर मुग्धाला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. फोनवर ती आधी बाबांचीच चौकशी करत राहिली, पुन्हा पुन्हा. मग लहानपणच्या आवाजात म्हणाली, “आई, तू म्हणाली होतीस येते.” पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ते नाही तर माहेराने तिच्याकडे जावं. आणि माझी पोर परक्या मुलखात, बर्फात, एकटी. हे पलंगावरून ऐकत होते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “जा... जा.” मी म्हटलं, “कशाला.” तो त्यांचा शब्द मी वापरलेला पाहून ह्यांना हसू आलं, अर्ध्या तोंडाने. त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला आणि पहिल्यांदाच कुठली तारीख सांगितली नाही. काय मागावं तेच सुचेना. “पोर तुझ्या हाती आहे,” एवढंच म्हटलं. म्हणायला ते सोपं आहे. म्हणून झाल्यावर मी वात उगाच दोनदा सारखी केली.

मुग्धाला कळा आल्या त्या दिवशी तिकडे वसंत ऋतू असायला हवा होता, पण अवेळी बर्फाचं वादळ आलं. जावई निखिल कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला, मोठा रस्ता बंद झाल्यामुळे वाटेतच अडकला. इकडे आम्हांला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हांला कळलं ते थेट दुसऱ्या दिवशी, व्हिडिओ कॉलवर. आधी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लालबुंद तोंड दिसलं, मग मुग्धाचं थकलेलं. आणि तिच्या उशाशी एक उंच, पिकल्या केसांच्या म्हाताऱ्या बाई, चौकड्यांचा शर्ट घातलेल्या, बाळाचं डोकं तळहातात नीट तोलून धरत होत्या. “आई, या डोरिस,” मुग्धा म्हणाली. दोन घरं सोडून राहणाऱ्या विधवा शेतकरीण बाई. आतापर्यंत नुसती हात हलवण्यापुरती ओळख. बर्फात मुग्धाच्या घराचे दिवे अवेळी पेटलेले दिसले म्हणून त्या बघायला आल्या, त्यांच्या जुन्या ट्रकमधून तिला हॉस्पिटलात घेऊन गेल्या आणि निखिल पोचेपर्यंत तिचा हात धरून बसल्या. मी विचारलं, “काही म्हणाल्या का गं तुला?” का विचारलं मलाच माहीत नाही. मुग्धा म्हणाली, “मी गडबडून बॅग शोधत होते गं. त्या म्हणाल्या, तू बस जरा, मी नेते.”

अशी वाक्यं कुणीही म्हणतं. मी भूगोलाची शिक्षिका आहे, मला तेवढं कळतं. मी फोन ह्यांच्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडावर धरून पोटभर रडले.

देवळातल्या त्या बाईंचा मी नंतर शोध घेतला. हॉस्पिटलच्या धावपळीत त्यांचे आभारही मानायचे राहिले होते. मी ह्यांच्या पायाला हात लावला तेव्हा त्या शेजारीच होत्या. रिक्षात बसताना मागे पाहिलं तेव्हा नव्हत्या. गुरवांना विचारलं, हिरवं लुगडं, मोठं कुंकू. ते फुलं वेचत होते. “बाई, इथे रोज शंभर हिरवी लुगडी येतात,” म्हणाले, “कुठल्या लुगड्याचा पत्ता देऊ?” मी पुन्हा विचारलं नाही. गावातल्याच कुणीतरी असतील, सोमवारी पाणी घालायला आलेल्या. तसंच असेल. देवाला माणसांच्या हाताशिवाय दुसरे हात कुठून असणार? मला त्याचा पुरावा नको आहे. मी त्या दिवशी पाणी ओलांडलं असतं आणि त्यांनी ओलांडू दिलं नाही, एवढं मला पुरतं. तेव्हापासून रोज सकाळी त्या दोघींसाठी मी नमस्कार करते, हिरव्या लुगड्यासाठी आणि चौकड्यांच्या शर्टासाठी, एकत्रच.

बाळाचं नाव आम्ही इकडूनच पाळणा हलवल्यासारखं करून, पडद्यावर पाहत ठेवलं. डिंकाचे लाडू पार्सलने गेले आणि डोरिसबाईंना फार आवडले असं कळलं. ह्यांची गाठ विरघळली. पुढे कधी विमानात बसता येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत, आणि मीही विचारायचं सोडून दिलंय. सोमवारी मात्र आम्ही त्या देवळात जातो. कासव, नंदी, बेल, मग बाहेरची फरशी. आता हे काठी घेऊन चालतात. गोमुखाजवळ आलं की स्वतःच थांबतात आणि माझ्याकडे बघून, आपण फार मोठा विनोद करतोय अशा थाटात म्हणतात, “माघारी.” मग मी त्यांचा हात सोडते आणि थोडी मागे राहते. ते काठी टेकत पुढे जातात, आणि मी त्यांना मागून पाहत चालते. दोन्ही पोटऱ्या, मान, कानामागचे पांढरे केस. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस असा नीट पाहायचा राहून गेला होता.

परवा असेच वळलो आणि चालता चालता ह्यांनी काठी थांबवली. पिंपळातून वारा वाहत होता. मागे न बघताच ह्यांनी विचारलं, काही महिन्यांपूर्वी विचारलं होतं तेच, पण आता शब्द जरा सरळ आले. “ते परतलेले... त्यांचं काय झालं?”

“ते घरी पोचले, अहो,” मी म्हटलं.